मैत्री टिकवण्याचं अर्धं काम ठाण्यात राहिलेल्यांचं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी नोकरीसाठी निघालेल्या मुलामुलींच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येतात आणि मी त्या शेवटपर्यंत वाचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, १०,००० कुशल माणसं तिकडे पाठवायचं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांना वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. या सगळ्याचा परिणाम मला माझ्या वॉर्डात दिसतो. नाईटला पेशंट झोपले की पोरी जर्मनची वही उघडून बसतात. मी ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात वीसेक वर्षं स्टाफ नर्स आहे, सध्या मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज. या मुलींनी जावं असं मला मनापासून वाटतं. पगार बरा आहे, कामाचे तास ठरलेले आहेत, नर्सला मान आहे.

पण भाषा, व्हिसा, पगार आणि घरभाडं या पलीकडे एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून हे पत्र. माणूस तिकडे गेल्यावर त्याच्या मैत्रीचं काय होतं? आणि दुसरं, त्या मैत्रीचा भार फक्त जाणाऱ्यावर का टाकायचा? ‘गेली आणि विसरली’ हे वाक्य मी ठाण्यात फार वेळा ऐकलं आहे. ‘आम्ही तिला विसरलो’ असं म्हणताना कोणी ऐकलं नाही.

माझी जवळची मैत्रीण करोनानंतर जर्मनीला गेली. तिचं नाव इथे देत नाही, तिची तशी इच्छा आहे. पत्र मात्र तिला वाचून दाखवूनच पाठवते आहे. ती चेंदणी कोळीवाड्यातली. आम्ही जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, एकत्र होतो आणि पुढे एकाच रुग्णालयात लागलो, ती आयसीयूत, मी वॉर्डात. नोकरी सांभाळून तिने जर्मनच्या बी-२ पर्यंतच्या, म्हणजे कामापुरतं नीट बोलता-समजता येण्याच्या पातळीपर्यंतच्या, परीक्षा दिल्या. तेव्हा तिचं वय पस्तिशीच्या पुढे होतं, मुलगा शाळेत, नवरा वागळे इस्टेटमध्ये नोकरीला. आधी ती एकटी जाणार आणि दोघांना मागून नेणार असं ठरलं. श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावातल्या रुग्णालयात तिला जागा मिळाली. श्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत असं तिने जाण्यापूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि तेवढ्यावर तिच्या आईला फार धीर आला होता.

तिथे गेल्यावर पहिला धक्का कामाचाच बसला. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं ही कामं बहुतेक वेळा नातेवाईक, मावशी आणि वॉर्डबॉय करतात. सिस्टर सलाईन लावते, इंजेक्शनं देते, नोंदी ठेवते, डॉक्टरांबरोबर राउंडला असते. तिकडे पेशंटला आंघोळ घालण्यापासून जेवू घालण्यापर्यंत सगळं नर्सने करायचं, आणि रक्त घेणं, शिरेतून औषध देणं हे पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांचं काम. नातेवाईक भेटीच्या वेळी येतात आणि जातात, रात्री कोणी उशाशी बसत नाही. त्यातून परदेशी नर्सची पात्रता तपासून होईपर्यंत आणि गरज पडली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा पार पडेपर्यंत तिला मदतनीस म्हणूनच काम करावं लागतं. व्हेंटिलेटरवरचे पेशंट एकटीने सांभाळलेल्या बाईला कोणी विचारलं, ‘तुला बीपी घेता येतं ना?’ विचारणाऱ्याने साध्या मनाने विचारलं होतं, तरी तिला ते लागलं.

भाषेचंही तेच. बी-२ पास होऊन गेलेली ही बाई ऐंशी वर्षांच्या आजीचं बोलणं समजेना म्हणून पहिल्या आठवड्यात रडली. त्या भागातली म्हातारी माणसं श्वेबिश बोली बोलतात आणि क्लासमध्ये शिकवतात ती प्रमाण जर्मन. आजी पाणी मागतेय की खिडकी बंद कर म्हणतेय हे नर्सला कळलं नाही तर त्या नर्सच्या मनाचं काय होतं, हे आमच्या धंद्यातलं माणूसच समजू शकेल.

हे ती कोणाला सांगणार? आईला सांगितलं तर आई म्हणणार, परत ये. नवऱ्याला सांगितलं तर तो मुलाला एकट्याने सांभाळून आधीच दमलेला. तिथल्या सहकारी चांगल्या होत्या, पण ओळख नवी आणि भाषा तोकडी. दुसऱ्याच्या भाषेत कुरकुर करायलाही मोठं कौशल्य लागतं. राहिलो आम्ही, तिच्याबरोबर नाईट केलेल्या चौघी.

मैत्री कामाला येते ती अशा वेळी आणि नेमकी तेव्हाच ती सुटते. सगळीकडे सारखंच होतं. पहिला महिनाभर रोज मेसेज. मग विमानतळाचे, बर्फाचे, पिवळ्या पानांचे फोटो, त्यावर बदाम. मग ‘तुझं काय बाई, मज्जा आहे’ असं कोणीतरी लिहितं, ती हसरा चेहरा पाठवते आणि त्यानंतर खरं काही लिहीत नाही. ज्या बाईला मज्जा आहे असं चारचौघांत ठरलं, ती आपलं रडणं त्या ग्रुपवर कशी आणणार? हा प्रश्न मी ठाण्यातल्या सगळ्या शाळेच्या, कॉलेजच्या आणि सोसायटीच्या ग्रुपना विचारू इच्छिते. पगार किती, युरोचा भाव काय, तिकडे आमच्या मुलाचं काही होईल का, हे विचारणं गैर नाही, पण पहिल्या वर्षात तरी या प्रश्नांना थोडं थांबवावं.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण ते कोणालाही जमण्यासारखं आहे. आम्ही रविवार धरला.

रविवार का, हे समजायला तिकडचा रविवार माहीत असावा लागतो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रेल्वे स्टेशनातली काही दुकानं, पेट्रोलपंप, बेकऱ्या थोडा वेळ, बाकी सगळं बंद. ही नुसती रीत नाही. जर्मनीच्या १९१९ च्या, वायमार नावाने ओळखल्या जाणाऱ्या संविधानाच्या कलम १३९ ने रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिलं आणि १९४९ च्या संविधानाने ते कलम तसंच पुढे चालू ठेवलं. रविवारी ड्रिल चालवायचं नाही, ठोकाठोक करायची नाही, बऱ्याच इमारतींत वॉशिंग मशीनही लावत नाहीत. लोक कुटुंबात असतात नाहीतर फिरायला जातात. ज्याचं कुटुंब तिथे आहे त्याला हा दिवस फार सुखाचा. नव्याने आलेल्या एकट्या बाईला त्याच्याइतका जड दिवस नाही. ती कोळीवाड्यात वाढलेली. तिथे रविवारी सकाळपासून वाटणाचा वास, बाजारातून आलेल्या पिशव्या, उंबऱ्यावर बसून गप्पा मारणाऱ्या बायका, आणि दुपारी जेवायला घरची किती आणि बाहेरची किती याचा हिशेब नाही. तिकडे पहिल्याच महिन्यात रविवारी तिने गणपतीचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकला, तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि शांतपणे म्हणाले, ‘आज रविवार आहे.’ बोलण्यात राग नव्हता. तरी नंतर तिला त्या खोलीत हालचाल करायची भीती वाटायला लागली. डिसेंबरात तिथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळच्या ड्यूटीला अंधारात जायचं, परत येऊन झोप काढली की पुन्हा अंधार.

म्हणून रविवार. तिकडे दुपारचे बारा वाजले की इकडे हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. आम्ही चौघींनी पाळ्या लावल्या. जिची ड्यूटी नाही तिने फोन करायचा. ‘जमलं तर करू’ असं ठेवलं नाही. जमलं तर करू म्हटलेला फोन पहिल्या पावसातच वाहून जातो, लोकल बंद, घरी पाहुणे, मुलाची परीक्षा, काहीतरी निघतंच.

आणि ‘कशी आहेस?’ विचारायचं नाही असंही ठरवलं, कारण त्याचं उत्तर ‘मस्त’ असतं. आम्ही नर्स आहोत, वॉर्ड सोडताना पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, देतो तसं आम्ही तिच्याकडून घ्यायला लागलो. काल रात्री किती झोपलीस, आज काय जेवलीस, कामाव्यतिरिक्त या आठवड्यात कोणाशी बोललीस, त्या आजी कशा आहेत, परीक्षेचा कागद आला का. नेमकं विचारलं की माणूस नेमकं सांगतं. आम्हीही आमचं सांगायचो. आमच्या वॉर्डातल्या भांडणांसकट. कोणाची बदली झाली, नवीन मॅट्रनने रजेचा काय नियम काढला, गावदेवीला भाजी काय भावाने मिळाली, तलावपाळीवर दिवाळी पहाटेला पोरांची किती गर्दी होती. तिला वगळून ठाण्याचं आयुष्य पुढे चाललंय असं वाटू द्यायचं नाही.

सगळाच वेळ बोलण्यात जायला हवा असंही नाही. कितीतरी रविवारी ती फोन ओट्यावर टेकवून कांदा चिरत असायची आणि मी कोपरीला माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत असायचे. पाच-सात मिनिटं दोघी गप्प. माझा कुकर वाजला की ती विचारायची, ‘कितवी?’ मी सांगायचे, ‘दुसरी.’ मग तिसरी झाली की तीच ओरडायची, ‘बंद कर गं, भात मऊ होईल.’ तिला त्या वेळी नेमकं हेच लागत होतं, दुसऱ्या कोणाचं तरी घर शेजारी चालू असल्याची जाणीव.

आता आईबद्दल. जाणाऱ्याची सगळ्यात मोठी काळजी तीच असते आणि मागे राहिलेल्या मित्रमैत्रिणींचं सगळ्यात खरं काम तिथेच असतं. तिची आई कोळीवाड्यात एकटी राहते, जावई आणि नातू तेव्हा जवळच होते. मी त्यांना मावशी म्हणते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा आमच्यातली एक मावशींबरोबर बँकेत जाते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायच्या वेळा आम्ही वाटून घेतल्या. हे उपकार म्हणून केलेलं नाही, ती इथे असती तर माझ्या सासूबाईंसाठी तिने हेच केलं असतं आणि पूर्वी केलंही आहे.

एका पावसाळ्यात मावशी दारातल्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य, ‘पोरीला सांगू नको, तिची परीक्षा हाय.’ जावयाचंही तेच मत. शेजारच्या बायकाही म्हणाल्या, उगाच परदेशात तिच्या जिवाला घोर कशाला. आपल्याकडे सगळे असंच करतात आणि प्रेमापोटीच करतात. मला ते पटलं नाही. लपवलेली गोष्ट कधीतरी कळतेच, आणि एकदा कळली की त्यानंतर ठाण्याहून येणाऱ्या प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’वरचा तिचा विश्वास उडाला असता. मी मावशींना समजावलं. तिच्या सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही मावशींच्या शेजारी बसून व्हिडिओ कॉल लावला. आधी मावशींचा हसरा चेहरा, मग प्लास्टर, मग कोणतं हाड, डॉक्टर काय म्हणाले, प्लास्टर कधी काढायचं, रात्री सोबतीला कोण राहणार, स्वयंपाक कोण करणार, सगळं एका दमात सांगितलं. ती रडली. डोळे पुसून म्हणाली, ‘एक्स-रेचा फोटो पाठव.’ पाठवला, तिने तो मोठा करून पाहिला आणि मग आईला रागावली की चपला घालून का फिरत नाहीस. परीक्षा तिने दिली आणि ती पास झाली.

या प्रसंगाआधी वेळीअवेळी ठाण्याचा फोन वाजला की तिच्या छातीत धस्स व्हायचं. नंतर ते गेलं, असं तिनेच सांगितलं. परदेशी राहणाऱ्या माणसाला वाईट बातमीपेक्षा अर्धी बातमी जास्त छळते. म्हणून माझी विनंती आहे की घरच्यांनी लपवायचं ठरवलं तरी एका मित्राने किंवा मैत्रिणीने खरं सांगायची जबाबदारी घ्यावी, जाणाऱ्याला निघण्यापूर्वीच विचारून ती घ्यावी, आणि सांगताना पुढची व्यवस्था काय केली हे त्याच फोनवर सांगावं. ग्रुपवर टाकून देऊ नये.

खाऊच्या डब्यांबद्दल दोन शब्द, कारण इथेही लोक नीट चौकशी करत नाहीत. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मासळी मात्र ठरावीक वजनापर्यंत स्वतःपुरती नेता येते. त्यामुळे कोणीतरी प्रेमाने दिलेले पेढे आणि तूप अडकतं आणि सुके बोंबील जातात. मावशींना हे कळलं तेव्हापासून त्या फार खुशीत आहेत. जवळा, सोडे, बोंबील आणि घरचा मसाला, सगळं दोन-दोन पिशव्यांत बांधून. फक्त तिकडच्या बंद घरात बोंबील तळले की वास शेजारी जाईल याची तिला चिंता. तिथले शेजारी त्याला काय म्हणाले ते पुढे सांगते.

आपल्याला परगावी जाणं काही नवं नाही. कोकणातून मुंबईला आलेला चाकरमानी गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीवर उतरायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्या लावून झोपायचे, खानावळ एक, गावच्या मंडळाची बैठक महिन्याला, गणपतीला आणि शिमग्याला गाव. त्याच्याकडे पैसा नव्हता, जागा नव्हती, पण बोलायला माणूस होतं. आमच्या पिढीच्या नर्सना ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्या कितीतरी सिस्टर केरळच्या. त्याही घर सोडूनच आल्या होत्या. १९६० च्या दशकात केरळच्या मुली चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनीलाही नर्सिंगसाठी गेल्या. मला शिकवणाऱ्या एक मल्याळी सिस्टर सांगायच्या की त्या मैत्रिणींबरोबर एकाच गाडीने मुंबईला आल्या, एकाच हॉस्टेलच्या खोलीत राहिल्या, आणि पहिल्या वर्षी एकीने परत जायचं म्हटलं की बाकीच्या तिची बॅग लपवायच्या. आजची योजना मुलींना सुटं सुटं पाठवते. जिथे जागा रिकामी तिथे एक. श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी माणसं भेटतात, गणपती होतो. लंडनला तर महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. पण रुग्णालयं आणि वृद्धाश्रम लहान गावांतही असतात आणि नर्सची गरज तिथेच जास्त असते. तिथे मराठी सोडा, हिंदी बोलणारंही कोणी नसतं.

तरी मी एका गोष्टीबद्दल ठाम आहे. ठाण्याच्या फोनवर कोणी आयुष्य काढू नये. जुन्या मैत्रिणींचं एक कामच असं आहे की तिला नव्या मैत्रिणी करायला भाग पाडायचं. आम्ही दर रविवारी ‘कामाव्यतिरिक्त कोणाशी बोललीस?’ विचारायचो ते म्हणूनच. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी यावर अभ्यास केला होता, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला पन्नासेक तास एकत्र जावे लागतात आणि जिवाभावाच्या मैत्रीला दोनशेच्या वर. वाचल्याबरोबर मला आमच्या नाईट आठवल्या. ठाण्यात दोन नर्सना ते दोनशे तास कळतनकळत मिळतात. पहाटे चारचा चहा, ड्यूटी संपल्यावर स्टेशनपर्यंत चालत जाणं, लग्नं, बारशी. तिकडे ड्यूटी संपली की प्रत्येकजण आपल्या घरी, आणि भेटायचं तर आठ-पंधरा दिवस आधी वेळ ठरवायची. लोक थंड आहेत असं नाही, तास मिळत नाहीत. ते मिळतील अशी जागा शोधावी लागते.

तिला त्या जागा हळूहळू सापडल्या. तिथे वाढदिवस असणाऱ्यानेच सगळ्यांसाठी केक न्यायचा असतो आणि आधल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नसतात, ते अशुभ मानतात. हे ठाऊक नसल्यामुळे पहिला वाढदिवस तिने वाट बघण्यात काढला. पुढच्या वर्षी ती नारळाच्या वड्या आणि रव्याचा केक घेऊन गेली. वड्या दहा मिनिटांत संपल्या आणि एका सहकारीणीने कृती मागितली. ती कृती शिकवायला माझी मैत्रीण त्या सहकारीणीच्या घरी गेली आणि पहिल्यांदा जर्मन घराच्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

दुसरी जागा इमारतीचा जिना. श्वेबिश भागात भाडेकरूंनी पाळीपाळीने जिना आणि अंगण झाडायची पद्धत आहे, केअरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकवतात. काम झालं की पाटी पुढच्याच्या दारावर. तिने आपली पाळी मन लावून केली, कोपरेसुद्धा ओल्या फडक्याने पुसले. पाटी पुढे द्यायला गेली तेव्हा शेजारच्या विधवा बाईंनी तिला आत बोलावून कॉफी दिली. मग दर पाळीला कॉफी. श्वेबिश बोली तिला या बाईंनी शिकवली, क्लासने नव्हे. बोंबलाचा वास कसला हेही यांनीच विचारलं. तिने एक तुकडा तळून नेला. बाईंनी खाल्ला, खूप खारट आहे म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी खिडकी उघडी ठेव, असंही.

तिसरी जागा डोंगर. ठाण्यात असताना सुट्टी मिळाली की आम्ही पहाटे उपवनहून येऊरला चालत जायचो. जर्मनीत सहा लाखांहून अधिक नोंदणीकृत संस्था-मंडळं आहेत, गाण्याची, बागकामाची, खेळाची. श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगररांगांत चालणाऱ्यांचं मंडळ तर १८८८ पासून आहे. त्या मंडळाची तिच्या गावात शाखा आहे, तिथे ती गेली. पहिल्यांदा एकही ओळखीचं माणूस नव्हतं आणि ती आदल्या रात्री जायचं रद्द करणार होती. आम्ही चौघींनी त्या रात्री तिला जाच लावला, बूट घालून फोटो पाठवल्याशिवाय सोडलं नाही. चालताना बोलायला सोपं जातं, समोर बघत चालायचं असतं, शब्द अडला तरी चेहरा बघावा लागत नाही. आता महिन्यातले एक-दोन रविवार ती फोन उचलत नाही, डोंगरात असते. त्या दिवशी मला जो आनंद होतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

नवरा आणि मुलगा गेल्या वर्षी तिच्याकडे गेले. मुलाची नवी लढाई सुरू झाली आहे. त्याच्या ठाण्यातल्या मित्रांच्या आयांना मी सांगितलं आहे की शनिवारी अर्धा तास पोरांना एकत्र ऑनलाइन खेळू द्या, अभ्यासाचं निमित्त काढू नका.

सुट्टीवर आलेल्या माणसाचे आपण फार हाल करतो, तेही लिहिते. तीन आठवड्यांत साठ घरी जेवायला जायचं, सगळ्यांना चॉकलेट, अत्तर, आणि कोणाकडे गेली नाही तर तो रुसवा वर्षभर. ती आली तेव्हा आम्ही तिला एकाही घरी बोलावलं नाही. मावशींच्या ओसरीवर आम्हीच गेलो, भाकऱ्या आम्ही भाजल्या आणि ती दुपारभर झोपली.

आता मागणं. जर्मन सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये एकाकीपणाविरुद्ध राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आहे. ब्रिटनने २०१८ मध्येच या विषयासाठी मंत्री नेमला. म्हणजे त्या समाजांनाही हा प्रश्न स्वतःच्या माणसांसाठी गंभीर वाटतो. मग आपण तिथे नव्याने जाणाऱ्याला काहीच न सांगता कसं पाठवतो? राज्य सरकारला आणि भाषेचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की निदान दोघी-तिघींना एकाच गावात किंवा शेजारच्या गावांत जागा द्या. करार करताना हे मागता येतं. वर्गात व्याकरणाबरोबर, तिथे दोन-तीन हिवाळे काढलेल्या नर्सना महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलवा आणि त्यांना खरं बोलू द्या. निघण्यापूर्वीच्या एका दिवशी फक्त मागे राहणाऱ्यांना बोलवा, आईवडील, नवरा किंवा बायको आणि एक मित्र किंवा मैत्रीण, आणि त्यांना रविवार, घड्याळातला फरक, वाईट बातमी कशी द्यायची हे सांगा. याला फार पैसा लागत नाही, एक सभागृह आणि एक दुपार लागते. ठाण्यात ते द्यायला तयार असणारी मंडळं आणि वाचनालयं पुष्कळ आहेत.

आणि संपादकसाहेब, आपल्याला एक विनंती. परदेशी गेलेल्यांच्या यशाच्या बातम्या आपण देता, त्या द्याव्यातच. त्याबरोबर आठवड्यातून एक कोपरा पहिल्या वर्षात असलेल्यांच्या पत्रांना द्यावा. नावाशिवाय छापा, म्हणजे लिहितील.

माझ्या वॉर्डातल्या दोघी येत्या काही महिन्यांत निघणार आहेत. त्यांच्या घरच्यांचे फोन नंबर, डॉक्टर, औषधं, किल्ली कोणाकडे, हे एका वहीत उतरवून झालं आहे. रविवारच्या पाळ्या लावून झाल्या आहेत, आणि त्यात दोन पुरुष नर्सही आहेत. जर्मनीतल्या माझ्या मैत्रिणीने या दोघींना दर रविवारी अर्धा तास द्यायचं कबूल केलं आहे. मागच्या रविवारी तिने शेजारच्या बाईंना फोनसमोर बसवलं आणि मुलींना श्वेबिशमध्ये पाणी कसं मागतात, खिडकी लाव कसं म्हणतात, ते ऐकवलं.

आपली,
एक परिचारिका
कोपरी, ठाणे (पूर्व)